डी-मार्ट उत्तरेत: महिन्याच्या किराण्याच्या यादीवरून केलेले परीक्षण

ठाणे, पुणे, नाशिक किंवा नागपूर येथून नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये घर भाड्याने घेताना शाळा, मेट्रो आणि पाणी यांच्या जोडीने आणखी एक चौकशी हमखास होते: जवळपास डी-मार्ट आहे का, आणि असल्यास ते आपल्याकडच्यासारखेच आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता काही भागांत होकारार्थी देता येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर देणे योग्य होणार नाही, कारण या दुकानाचे दोन गुण आपण महाराष्ट्रात एकच मानत आलो आहोत. एक गुण भावाचा आणि शिस्तीचा, दुसरा आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचा. पहिला गुण या साखळीने उत्तरेत जसाच्या तसा आणला आहे. दुसरा तिला प्रत्येक प्रदेशात नव्याने मिळवावा लागतो आणि उत्तरेत ते काम अजून चालू आहे. पुढील परीक्षण याच भेदावर आधारलेले आहे, आणि त्यासाठी मी महिन्याच्या किराण्याची यादी हेच माप वापरले आहे.

हे माप निवडण्यामागे कारण आहे. डी-मार्टचा जन्मच यादी करून किराणा भरणाऱ्या समाजात झाला. शेअर बाजारातील गुंतवणूकदार म्हणून ख्यातनाम असलेले राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नवी मुंबईतील नेरूळ येथे ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून या व्यवसायाचा पहिला अनुभव घेतला आणि २००२ मध्ये पवईला पहिले डी-मार्ट उघडले. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई आणि परिसरातील मध्यमवर्ग पगार झाल्यावर महिन्याचे सामान एकदम भरत होता. गिरणगावात रुजलेला ‘अपना बाजार’, ‘सहकारी भांडार’, वारणानगरचा ‘वारणा बाजार’ यांनी रास्त भावात आणि खात्रीच्या वजनात माल मिळू शकतो हा विश्वास निर्माण केला होता. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर शेजारची कुटुंबे एकत्र आणून त्यांच्या मासिक मागणीची नोंद घेणे, माल घाऊक खरेदी करणे आणि तो सभासदांनी स्वतःच वाटून घेणे अशी पद्धत घालून दिली. दमाणी यांच्या दुकानाला जो ग्राहक मिळाला तो असा घडलेला होता: त्याला वातानुकूलित झगमगाटापेक्षा छापील किमतीहून दोन रुपये कमी लागलेले दिसणे महत्त्वाचे वाटत होते, आणि एका फेरीत पोतेभर सामान घरी नेण्याची त्याची तयारी होती. हा ग्राहक वजा केला तर डी-मार्टचे यश नीट समजत नाही, आणि उत्तरेतील वाटचालीचे मोजमापही करता येत नाही.

भाव कमी कसा ठेवला जातो, हे एकदा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ‘स्वस्त म्हणजे दर्जा कमी’ हा गैरसमज नव्या प्रदेशात पुन्हा डोके वर काढतो. आपल्याकडे वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. त्या किमतीपर्यंतची कोणतीही रक्कम दुकानदार घेऊ शकतो. गल्लीतील दुकानदार बहुधा छापील किमतीला विकतो, कारण त्याची खरेदी लहान असते आणि त्याला वितरकाकडून मिळणारी सवलतही मर्यादित असते. डी-मार्टची रीत वेगळी आहे. प्रत्येक प्रकारात मोजकीच, परंतु हमखास खपणारी मापे आणि नाममुद्रा ठेवायच्या, त्या मोठ्या प्रमाणात घ्यायच्या, पुरवठादाराला या व्यवसायातील रिवाजापेक्षा बरेच लवकर पैसे द्यायचे आणि त्याच्या बदल्यात अधिक चांगला दर मिळवायचा. त्यात जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची किंवा ३० वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची असल्याने दरमहा वाढणाऱ्या भाड्याचे ओझे नसते. सजावटीवर खर्च नाही, मोठमोठ्या जाहिराती नाहीत, ‘एकावर एक’च्या हंगामी मेळ्यांवर भिस्त नाही, वर्षभर रोज थोडी सवलत. कंपनीचा ढोबळ नफा विक्रीच्या साधारण १५ टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीत पंचाऐंशी रुपये मालाच्या खरेदीतच जातात. इतक्या कमी फरकावर दुकान चालवायचे तर माल भराभर खपला पाहिजे आणि खर्चाची गळती कोठेही होता कामा नये. भावातील सवलत येथून येते. मालाच्या दर्जात कपात करून नव्हे. साबण, दंतमंजन, बिस्किटे आणि चहाची तीच पुडी उत्तरेतही मिळते, आणि छापील किमतीपेक्षा कमी भावात मिळते.

विस्ताराचा वेग हा या साखळीचा मला सर्वांत आदरणीय वाटलेला पैलू आहे. मार्च २०१७ मध्ये ‘अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स’ ही तिची मालक कंपनी शेअर बाजारात आली. २९९ रुपयांना दिलेल्या समभागाची नोंदणी जवळजवळ दुप्पट भावाने झाली आणि देशभर तिचे नाव झाले. त्या महिनाअखेरीस तिची दुकाने १३१ होती. मार्च २०२५ अखेरीस ती ४१५ झाली. त्यांपैकी ५० त्या एकाच आर्थिक वर्षात वाढलेली होती. पंधरा वर्षांत १३१ आणि पुढच्या आठ वर्षांत २८४, हा हिशेब घाईचा नाही. दुकाने नकाशावर विखरून न टाकता एकमेकांजवळ उघडायची, एका वितरण केंद्रातून अनेकांना माल पोहोचवायचा आणि एक पट्टा स्थिरावल्यावरच त्याला लागून असलेल्या पट्ट्यात जायचे, अशी ही पद्धत आहे. महाराष्ट्राला लागून गुजरात, कर्नाटक आणि तेलंगण, पुढे आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तमिळनाडू, राजस्थान, आणि नंतर पंजाब, राजधानी परिसर आणि उत्तर प्रदेश, असा तिचा प्रवास झाला. आजही सर्वाधिक दुकाने महाराष्ट्रातच आहेत.

या संयमाची किंमत आणि मोल दोन्ही समजण्यासाठी घाई केलेल्यांचा इतिहास पाहावा लागतो. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘सुभिक्षा’ने २००८ पर्यंत देशभर सुमारे १,६०० दुकाने थाटली आणि २००९ च्या प्रारंभी पैसा आटताच ती दुकाने बंद पडली, कामगारांचे पगार आणि पुरवठादारांची देणी थकली. ‘बिग बाझार’ने २००१ नंतर भारतीय मध्यमवर्गाला मोठ्या दुकानात फिरण्याची सवय लावली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही, परंतु कर्जाच्या आणि थकलेल्या भाड्यांच्या भाराखाली २०२२ मध्ये त्याचा शेवट झाला आणि अनेक जागा रिलायन्सकडे गेल्या. नव्या शहरात एखादी साखळी येते तेव्हा तेथील लहान पुरवठादार, भाजीवाले, हमाल, बिलाच्या गल्ल्यावर बसणारी मुले-मुली असे अनेकजण आपला रोजगार तिच्याशी जोडतात. ती साखळी टिकेल की नाही हा प्रश्न म्हणूनच केवळ भागधारकांचा नाही. जागा स्वतःची घेऊन आणि एकेक पट्टा पक्का करून पुढे जाणाऱ्या दुकानाबद्दल या बाबतीत मला अधिक भरवसा वाटतो.

तथापि हाच संयम उत्तरेतील ग्राहकाला आज अडचणीचा ठरतो, हेही नोंदवले पाहिजे. मुंबई महानगर प्रदेशात किंवा पुण्यात एका दुकानात गर्दी असेल तर दुसऱ्या दुकानाचा पर्याय असतो. राजधानी परिसरात दुकाने मोजकी आणि एकमेकांपासून दूर आहेत. येथे जमिनीचे भाव चढे आहेत, मोठा आणि निर्वेध भूखंड मिळणे कठीण आहे, आणि मालकीची जागा घेण्याचा आग्रह सोडायचा नसेल तर दुकान वस्तीच्या कडेला जाणे अटळ ठरते. त्यामुळे ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याला रिक्षाचे भाडे धरूनच सवलतीचा हिशेब करावा लागतो. दोन-अडीच हजारांच्या आतील खरेदीसाठी दूर जाणे परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चार जणांच्या कुटुंबाचा पूर्ण महिन्याचा किराणा एकदम भरायचा असेल तर मात्र अंतर धरूनही चांगली बचत होते.

दुकानात प्रवेश केल्यावर मराठी माणसाला लगेच ओळख पटते. पिशव्या प्रवेशाशी बंद करून देणे, उंच मांडण्यांवर रचलेले खोके, कडधान्ये आणि डाळींचे मोठे पिंप, छापील किंमत आणि डी-मार्टची किंमत शेजारी दाखवणाऱ्या पट्ट्या, वरच्या बाजूला कपडे, भांडी आणि प्लास्टिकचे डबे, बाहेर पडताना बिलावर मारलेला शिक्का: सर्व काही तेच. आरंभीच्या काळातील दुकाने सरासरी ३० हजार चौरस फुटांच्या आसपास असत आणि त्यांत दोन गाड्या समोरासमोर आल्या की वाट अडत असे. आता सर्व दुकानांची सरासरी ४० हजारांच्या पुढे गेली आहे आणि उत्तरेतील दुकाने नव्या पिढीची असल्याने त्यांतील वाटा रुंद आहेत. वृद्धांना आणि लहान मुलांसह आलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो. माल जागच्या जागी असणे, पट्टीवरील किंमत आणि बिलातील किंमत एकच असणे, तारीख उलटलेला माल मांडणीवर न दिसणे या प्राथमिक गोष्टींत दुकान पूर्ण विश्वासार्ह आहे. किराणा दुकानाच्या परीक्षणात याला मी सर्वाधिक गुण देतो, कारण घाईत असलेला ग्राहक प्रत्येक पुडी उलटून पाहत नाही. तो भरवशावर उचलतो.

आता यादीकडे वळू. प्रथम तेल. महाराष्ट्रात ही ओळ घराघरागणिक वेगळी असते: कोठे शेंगदाण्याचे, मराठवाडा-सोलापूरकडे जुन्या पिढीत करडईचे, विदर्भात बहुतेक सोयाबीनचे, शहरांत सूर्यफुलाचे. उत्तरेत मोहरीचे तेल या ओळीवर अधिकार गाजवते. दुकानाने हे ओळखले आहे. कच्च्या घाणीच्या मोहरीच्या तेलाला येथे दर्शनी जागा मिळते, आणि ते योग्यच आहे, कारण दुकान प्रथम स्थानिकांसाठी असते. मराठी ग्राहकासाठी सूर्यफूल आणि सोयाबीन सहज उपलब्ध आहे, परंतु शेंगदाणा तेलात निवडीला फारसा वाव राहत नाही. भाकरी-ठेच्यासाठी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा आग्रह असेल तर गावाहून येताना डबा आणण्याची प्रथा चालू ठेवावी लागेल.

तांदळाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, आणि माझ्या मते या साखळीने सर्वांत जास्त लक्ष याच ओळीवर द्यायला हवे. भारतात तांदूळ हा एकच पदार्थ आहे असे मानून कोणतीही साखळी चालू शकत नाही. हैदराबाद आणि विजयवाडा सोना मसुरी मागतात, तमिळनाडू पोन्नी आणि उकडा तांदूळ मागतो, भंडारा-गोंदियाकडे चिन्नोरचा अभिमान आहे, मावळात इंद्रायणी, मुळशीत आंबेमोहर, वाड्याला कोलम. उत्तरेतील मांडणीवर साहजिकच बासमतीच्या अनेक प्रती आणि रोजच्या वापराचा लांब दाण्याचा परमल आहे. हे तांदूळ उत्तम आहेत, पण ते मोकळे शिजतात. वरण-भात कालवून खाणाऱ्या, लहान मुलांना मऊ भात भरवणाऱ्या घराला चिकट, सुवासिक, आखूड दाण्याचा तांदूळ लागतो आणि तो येथे सहज मिळत नाही. राजधानी परिसरात केवळ मराठी नव्हे, तेलुगू, तमिळ, कन्नड, बंगाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील प्रत्येकाची तांदळाची ओळ वेगळी आहे. ज्या कंपनीची दुकाने पुण्यापासून चेन्नईपर्यंत पसरली आहेत, जिला सोना मसुरी कोठून घ्यावी आणि इंद्रायणी कोठून घ्यावी हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे, तिने या दोन-चार जातींची पोती उत्तरेकडच्या गाड्यांत चढवणे अशक्य नाही. मोजकाच माल ठेवण्याचे तत्त्व मला मान्य आहे. परंतु बासमतीच्या सहा प्रतींपैकी दोन कमी करून त्या जागी हे तांदूळ ठेवले तर मांडणीवरील वस्तूंची संख्या वाढणार नाही आणि ग्राहक मात्र वाढतील.

गव्हाच्या आणि डाळींच्या ओळी समाधानकारक आहेत. गव्हाच्या प्रदेशात गव्हाची वानवा असण्याचे कारण नाही. सिहोरचा शरबती गहू आणि त्याची कणीक मिळते आणि पोळ्या मऊ होतात. तूर डाळ उत्तर प्रदेशातही रोजच्या जेवणातली असल्याने ती चांगल्या प्रतीची असते. सोबत अख्खे उडीद, राजमा आणि काबुली चणे यांची निवड महाराष्ट्रातील दुकानांपेक्षा सरस आहे. मटकीची उणीव भासत नाही, कारण ती राजस्थानात मोठ्या प्रमाणावर पिकते आणि उत्तरेच्या बाजारात सहज येते. वाल, कडवे वाल आणि कुळीथ यांचे तसे नाही. सुट्या डाळींचे पिंप ही डी-मार्टची जुनी खूण आहे आणि ती येथेही राखली आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. दाणा हातात घेऊन पाहता येतो, पाव किलोही घेता येते आणि वेष्टनाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

ज्वारी-बाजरीच्या पिठाबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. हा कोणत्याही दुकानाचा दोष नाही. ज्वारीचे पीठ जितके जुने होते तितका त्याचा चिकटपणा कमी होतो आणि भाकरी थापताना कडा फाटतात. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी मिळवून जवळच्या चक्कीवर थोडी थोडी दळून आणणे हाच उपाय आहे. गुळाचेही असेच. पश्चिम उत्तर प्रदेश हा उसाचा पट्टा असून मुझफ्फरनगरची गुळाची बाजारपेठ देशातील मोठ्या बाजारपेठांपैकी आहे. हिवाळ्यात ताजा गूळ गाझियाबाद-मेरठच्या रस्त्यावर ढिगाने असतो. तो स्थानिक बाजारातूनच घ्यावा. कोल्हापुरी गुळाची चव त्याला नाही, परंतु ताजेपणात तो कोणत्याही बंद ढेपेला मागे टाकतो.

उपवासाच्या सामानाची गोष्ट वेगळी आणि लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार असा वर्षभर उपवास चालू असल्याने साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे कायम खपतात. उत्तरेत उपवासाच्या सामानाची मोठी मागणी दोन नवरात्रांत एकवटते; त्या दिवसांत कुट्टूचे आणि शिंगाड्याचे पीठ, सामा (म्हणजे आपली भगर), सैंधव यांनी अख्खी रांग भरते आणि नंतर ती आटते. दुकानाने उत्तरेची ही रीत बरोबर पकडली आहे. मराठी घराने त्याचा लाभ घ्यावा आणि नवरात्रात भगरीचा साठा करून ठेवावा. मसाल्यांच्या बाबतीत मात्र गोडा मसाला, काळा मसाला, कोकम, आमसूल यांची वाट येथे पाहू नये. त्यांची मागणीच इतकी थोडी आहे की मोजका माल भराभर खपवण्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या दुकानाने ते ठेवले तर ते त्याच्या तत्त्वाविरुद्ध होईल. तांदळाचा आग्रह मी धरतो आणि मसाल्याचा धरत नाही, कारण तांदूळ अनेक प्रांतांच्या लोकांना रोज लागतो.

साबण, धुण्याचे चूर्ण, फरशी पुसण्याची द्रव्ये, लहान मुलांचे लंगोट, स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, घरात वापरायचे सुती कपडे या ओळींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. या सर्वांत भाव उत्तम आहे आणि प्रादेशिक आवडीचा प्रश्न येत नाही. कंपनीच्या दृष्टीने मात्र याच ओळी महत्त्वाच्या आहेत. विक्रीचा अर्ध्याहून अधिक भाग खाद्यपदार्थांचा असला तरी त्यांत नफा कमी असतो. कपडे, भांडी आणि घरगुती वस्तूंमध्ये तो अधिक असतो. साथीच्या आधी अशा वस्तूंचा वाटा एकूण विक्रीच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त होता, नंतर तो त्याखाली आला. म्हणून नव्या प्रदेशात किराण्यासाठी आलेला ग्राहक वरच्या मजल्यापर्यंत जातो की नाही, यावर त्या दुकानाचे आर्थिक आरोग्य बरेच अवलंबून आहे. उत्तरेतील थंडी येथे कामाला येते: रजया, गरम कपडे, मोजे, कानटोप्या यांची मागणी मुंबईच्या दुकानाला कधीच अनुभवता येणार नाही इतकी असते, आणि हा माल येथे खरोखर स्वस्त व टिकाऊ मिळतो.

ताज्या भाजीपाल्यासाठी या दुकानात जाऊ नये. डी-मार्टचे ते बलस्थान महाराष्ट्रातही नव्हते. दिल्ली परिसरात मदर डेअरीची ‘सफल’ केंद्रे १९८८ पासून भाजी आणि फळे विकत आहेत, आठवडी बाजार वस्ती-वस्तीत भरतात आणि हातगाडीवाला दारापर्यंत येतो. या व्यवस्थेशी कोरड्या किराण्याच्या दुकानाने स्पर्धा करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

उत्तरेत या साखळीपुढील खरे आव्हान निराळे आहे. गुरुग्राममध्ये मुख्यालय असलेली ‘ब्लिंकिट’ आणि तिच्यासारख्या सेवा दहा-पंधरा मिनिटांत दारात सामान आणून देतात, आणि राजधानी परिसर हा त्यांचा बालेकिल्ला आहे. येथील तरुण कुटुंबांत महिन्याची यादी करण्याची सवयच मोडत चालली आहे. संपले की मागवले. ऑनलाइन किराण्याचा परिणाम मोठ्या शहरांतील आपल्या जास्त खपाच्या दुकानांवर जाणवत असल्याचे कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच मान्य केले होते. तिची स्वतःची ‘डी-मार्ट रेडी’ ही सेवा घरपोच माल देते, पण ती दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरलेली नाही आणि थोड्याच शहरांत चालते. मुंबईत यादीची सवय आधी होती आणि दुकान नंतर आले. उत्तरेत दुकान येत आहे ते सवय सुटत असताना. २००४ पासून कंपनीत असलेले आणि दीर्घकाळ तिचे नेतृत्व केलेले नेव्हिल नोरोन्हा यांच्या जागी युनिलिव्हरमधून आलेले अंशुल असावा यांची निवड जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली; उत्तरेतील हा पेच सोडवण्याचे काम नव्या नेतृत्वाकडे आले आहे. महिन्यातून एकदा निवांतपणे जाऊन संपूर्ण यादी भरणाऱ्याला किलोमागे आणि पुडीमागे जी बचत होते ती घरपोच सेवांच्या आकारासह कोणत्याही ॲपवर होत नाही, ही गोष्ट येथील ग्राहकाला पटवून देणे हाच त्यावरील मार्ग आहे, आणि तो मार्ग दुकानांची संख्या वाढल्याशिवाय खुला होणार नाही.

गल्लीतील किराणा दुकानदाराचे काय, हा प्रश्न प्रत्येक नव्या शहरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या शहरांमध्ये जे दिसले त्यावरून सांगायचे तर, ज्या दुकानदाराची भिस्त केवळ साबण-बिस्किटे छापील किमतीला विकण्यावर होती त्याला फटका बसला. जो धान्य निवडून देतो, गिऱ्हाइकाच्या घरातील माणसे ओळखतो, महिनाअखेरीस वहीवर लिहून घेतो आणि फोन केल्यावर मुलाकरवी सामान पोहोचवतो, तो टिकला. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला डी-मार्टचा उपयोगही मर्यादित आहे, कारण सवलत मोठ्या पुडीवर असते आणि मोठी पुडी घ्यायला हाती एकरकमी पैसे लागतात. दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची साखर विकणारे दुकान अशा घरांसाठी उद्याही तितकेच आवश्यक राहील. उत्तरेतही याहून वेगळे घडेल असे मला वाटत नाही.

राजधानी परिसरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबासाठी माझी शिफारस पुढीलप्रमाणे आहे. स्वच्छतेची द्रव्ये, साबण, चहा, साखर, कणीक, तूर व इतर डाळी, सूर्यफूल तेल, सुका मेवा, डबे, अंथरूण-पांघरूण आणि थंडीचे कपडे डी-मार्टमधून महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्हे, तर दुसऱ्या आठवड्यातील एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी घ्यावेत. पगारानंतरच्या शनिवार-रविवारी बिलाच्या रांगा येथेही महाराष्ट्राइतक्याच लांब असतात. भाजी, दूध आणि गूळ वस्तीतून घ्यावा. इंद्रायणी किंवा आंबेमोहर तांदूळ, मालदांडी ज्वारी, गोडा मसाला आणि कोकम गावाकडून यावे. आणि जे तांदळासाठी दरवेळी रेल्वेने पोती आणतात, त्यांनी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे आपली मागणी लेखी नोंदवावी. एका सोसायटीतील वीस-पंचवीस घरांनी, त्यांत तेलुगू आणि तमिळ शेजारीही घेऊन, मिळून ती नोंदवली तर तिला वजन येईल. कोणत्या जातीचा तांदूळ, महिन्याला किती किलो आणि किती घरांत, एवढे तीन तपशील त्या पत्रात असले म्हणजे पुरे.